वस्तादांची पाठ

एसटीची सोय असताना जावई बैलगाडी जुंपून सासुरवाडीला आला, तेव्हाच चांगुणाच्या मनात पाल चुकचुकली. शिरड शहापूर काही हाकेच्या अंतरावर नाही. अंधार असतानाच निघालेली गाडी भर दुपारी कळमनुरीत तालमीपुढं येऊन थांबली. रामकिशन धुळीनं माखलेला, त्याच्यामागं त्याची बायको, चांगुणाची नणंद पद्माबाई. दोघांना पाणी देऊन झालं आणि बैलांनाही पाणी दाखवावं म्हणून चांगुणा गाडीच्या मागं गेली, तर गाडीत नीट घड्या घातलेली रिकामी पोती. एक-दोन नव्हेत, हा ढीग.

पोती कशासाठी, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तालीम म्हणजे भिंती नव्हेत, तालीम म्हणजे हौद्यातली माती. चांगुणाचे आजेसासरे तातेराव वस्ताद यांनी ती निजामाच्या राज्यात टेकाडावरून डोक्यावर वाहून आणलेली. गावच्या तालमीत वस्तीतल्या पोरांना उंबरठा ओलांडू देत नव्हते, म्हणून त्यांनी वस्तीचाच हौदा खणला आणि ती तांबडी माती त्यात ओतली. तेव्हापासून दरसाल तिच्यात तेल जातं, हळद जाते, ताक जातं, लिंबं पिळली जातात. अशी मुरलेली माती साऱ्या तालुक्यात नाही असं तिचे सासरे अमृतराव सांगायचे, आणि ते खरंही होतं. वस्ताद जिथं राहील तिथं माती राहील, असा घरचा रिवाज होता. पद्माबाई पोती घेऊन आल्या, याचा अर्थ उद्या माती भरून न्यायची त्यांची तयारी होती.

"आक्का, एवढी पोती?" चांगुणानं विचारलंच.

"असू दे," पद्माबाई म्हणाल्या. "लागली तर लागली."

रामकिशन बिचारा कसनुसं हसला आणि आपण एसटीनंच यायचं म्हणत होतो असं पुटपुटला. बायकोनं त्याच्याकडं बघितलं तेव्हा तो बैल सोडायला गेला. अंगानं दांडगा, स्वभावानं लोण्याहून मऊ असा हा जावई. सिद्धेश्वरच्या कालव्यावर चौकीदार होता, याच तालमीत सासऱ्याच्या हाताखाली तयार झालेला. त्याला वस्तादकी हवी होती की नव्हती हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. पद्माबाईंना हवी होती, तेवढं पुरेसं होतं.

ही वेळ का आली, ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. या घराण्यात हार घालून कुणी वस्ताद होत नाही. जुन्या वस्तादाची पाठ मातीला लावावी लागते, तीही खऱ्या कुस्तीत. तातेरावांना अमृतरावांनी पाडलं तेव्हा तालीम अमृतरावांकडं आली. आता अमृतरावांना त्यांच्या मुलानं, चांगुणाच्या नवऱ्यानं नरसिंगनं, पाडायचं. वर्षातून एकदाच, बुद्धपौर्णिमेच्या सकाळी. औंढ्याच्या, वसमतच्या, नांदेडच्या फडावर भले भले पैलवान लोळवलेला नरसिंग घरच्या हौद्यात मात्र पासष्टी उलटलेल्या बापाकडून तीन वर्षं ओळीनं हरला होता. पहिल्या वर्षी अमृतरावांनी साऱ्या आळीत गूळ वाटला. दुसऱ्या वर्षी वाटला, पण हात आखडून. तिसऱ्या वर्षी अंगावरची माती झटकत ते जे घरात गेले, ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आणि यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, लेझीम थांबवून, त्यांनी साऱ्या वस्तीसमोर जाहीर केलं होतं की या पौर्णिमेला पोराचा हात ढिला पडला तर त्याच पावली जावई हौद्यात उतरेल. रामकिशन कुणाचा शब्द मोडत नाही, आपण पाड म्हटलं की तो पाडेल. मग माती शिरडला.

चांगुणाचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. त्यातली अठरा वर्षं ती माती तिच्या हातची होती. पूर्वी बाईमाणसाला तालमीत पाय टाकायची मुभा नव्हती. छप्पन साली घरानं धम्म घेतला, कोनाड्यातला जुना देव गेला आणि तिथं बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. त्यानंतर एक दिवस अमृतराव म्हणाले होते, की ज्याच्यासाठी बायकांना मनाई होती तोच आता इथं नाही, तर मनाई कुणासाठी ठेवायची. दुसऱ्या दिवशी नवी सून चांगुणा फावडं घेऊन हौद्यात उतरली, ती आजवर. माती कधी तहानली, कधी तेल मागते, हे तिला हातात घेऊन कळायचं. नरसिंग वस्ताद झाला नाही तर तिच्या हातातलं फावडं जाणार होतं, हे एक. दुसरं त्याहून जिव्हारी लागणारं होतं. तिचा नवरा सगळ्यांदेखत चौथ्यांदा हरणार होता, आणि का हरतो ते तिलासुद्धा सांगत नव्हता.

ते तिला त्याच दुपारी सासूकडून कळलं.

ओसरीवर दोघी खिरीसाठी तांदूळ निवडत बसल्या होत्या. जनकाबाईंचं लक्ष सुपात नव्हतं, त्या खडे ठेवून तांदूळ टाकत होत्या. चांगुणानं सूप त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि विचारलं, की उद्या काय होईल असं आत्याबाईंना वाटतं.

"काय व्हायचं हाय," त्या म्हणाल्या. "नरसिंग हरंल. मी आण घातलीया त्याला. माह्या गळ्याची."

मग सगळं बाहेर आलं. तातेराव वस्ताद मातीवर पडले त्याला चार महिने झाले न झाले तोच गेले. जनकाबाईंनी सासऱ्याचं ते पडणं दारातून पाहिलं होतं आणि चार महिन्यांनी तेच अंग तिरडीवर पाहिलं होतं. आठ वर्षांचा नरसिंग तेव्हा त्यांच्या पदराला धरून उभा होता. पडलेला वस्ताद जगत नाही, हे त्या दोघांच्याही मनात तेव्हा जे बसलं ते बसलं. नवऱ्याला पासष्टावं लागलं तशी म्हातारीनं मुलाला बाजूला घेऊन शपथ घातली. नरसिंगनं एका शब्दानं विरोध केला नाही. त्यालाही तीच भीती होती.

चांगुणाला सासूचा राग आला. तीन वर्षं माणूस मान खाली घालून चालतोय, वस्तीतली चिल्लीपिल्लीसुद्धा त्याच्या मागं हसतात, आणि हे सगळं या दोघांनी आपसात ठरवून घेतलेलं. पण म्हातारीच्या डोळ्यांत बघितलं आणि राग अर्धा निवला. नवरा जगावा म्हणून कुठली बाई आण घालणार नाही? तिनंही घातली असती.

"आणि माती शिरडला गेली तर?" तिनं विचारलं.

"जाऊ दे. माती गेलेली परवडली."

"रामकिशन दाजी पाडतीलच की मामांना. पडले ते पडलेच, मग कुणी का पाडंना."

जनकाबाईंनी या गोष्टीचा विचारच केला नव्हता. त्यांचा चेहरा एकदम पडला. आपण काय बोलून बसलो असं चांगुणाला झालं, पण बोललेलं काही परत घेता येत नाही. ती उठली आणि नरसिंगला शोधायला गेली.

तो विहिरीपाशी बसून लंगोट धूत होता. एवढा मोठा पहाड, पण हातात लंगोट असा धरलेला की जणू लेकराचं दुपटं. आपल्याला सगळं कळलं, असं चांगुणानं सांगितलं. तो लंगोट पिळत म्हणाला, "आबांचा हात धरला की मला आजाचा हात आठवते. असा लटलट करून राहिला व्हता शेवटी. मला न्हाई जमत."

त्याला समजावून काही होणार नव्हतं, हे वीस वर्षांच्या संसारानं तिला शिकवलं होतं. नरसिंगला शब्द कधी लागू पडले नाहीत. तिनं पदर खोचला, कुदळ उचलली आणि हौद्यात उतरली.

दर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी माती वीतभर उकरायची असा नेम होता. वीतभर खाली घट्ट थर असतो, त्यावर पैलवानाचा पाय ठरतो. चांगुणानं त्या दिवशी वीतभरावर कुदळ थांबवली नाही. तो थर तिनं फोडला, आणखी हातभर खाली गेली. ढेकळं फोडली, माती चाळणीतून चाळली. कुस्तीच्या मातीचं हे असं करायचं नसतं हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, तरी ती करत होती.

अर्धा हौदा झाला तेव्हा पद्माबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चप्पल काढून, अगदी हळू, त्यांनी एक पाय मातीत ठेवला.

"मी या घरात जन्मली," त्या म्हणाल्या. "लग्न व्हईस्तोवर दारातून बघितली ही माती. सगळे डाव तोंडपाठ. नरसिंगाला चुकला तर मी दारातून सांगायची, आबा मलाच रागवायचे. माझं लग्न झालं आन् चार वरसांनी बायकांना मुभा झाली. तू उतरलीस."

त्यात काही टोमणा नव्हता. चांगुणाला पोत्यांचा अर्थ आता वेगळाच लागला. तिनं दुसरं फावडं पुढं केलं. पद्माबाईंनी ते घेतलं आणि दोघी कामाला लागल्या. नणंद-भावजय एकमेकींशी इतका वेळ न भांडता राहिल्याची त्या घरात ती पहिलीच वेळ असावी. पद्माबाईंनी तेल शिंपलं, चांगुणानं हळद पसरली, ताकाचा हंडा दोघींनी धरून ओतला.

हौद्याच्या मधोमध आल्यावर पद्माबाईंचं फावडं मुठीपर्यंत आत गेलं आणि त्या थबकल्या.

"इतकं खोल काहून खणलंस?"

"मामा पडले तर लागू न्हाई म्हणून."

पद्माबाईंनी तिच्याकडं पाहिलं. बापाला नवऱ्याकडून पाडून घ्यायचं, मातीची पोती भरायची आणि गाडी जुंपायची, हे सगळं त्यांनी वाटेत दहादा मनात घोळवलं होतं. त्या पडण्यात बापाला लागेल, हे एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. उरलेली माती त्यांनी चांगुणाहून बारीक चाळली, आणि दिवेलागणीला दोघी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. धुळीनं झाले असं त्यांनी रामकिशनला सांगितलं.

सकाळी वंदना झाली. ओसरीवर पंचवीसतीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्रिसरण म्हणताना अमृतरावांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. खीर वाटली, ती रामकिशननं तीनदा घेतली. आज आपल्याला कुस्ती खेळावी लागू शकते याचं त्याला भान राहिलं नव्हतं, किंवा असूनही त्यानं खीर निवडली होती. मग सगळे तालमीत आले. हौद्याच्या एका बाजूला गडी, दुसऱ्या बाजूला बायका. बसायला काही नव्हतं म्हणून जनकाबाईंनी गाडीतली पोती मागवली आणि सगळ्या बायकांना ती अंथरून दिली. मुलीकडं बघून त्या म्हणाल्या, की आणलीच आहेत तर कामाला तरी येऊ देत.

अमृतराव लंगोट कसून आले. वयानं कातडी सैल पडली होती, पण मान अजून खांद्यात रुतलेली आणि चाल तीच, दमदार. त्यांनी तसबिरीला हात जोडले, खाली वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि हौद्यात उतरले.

पाय घोट्यापर्यंत आत गेला.

त्यांनी दुसरा पाय टाकला. तोही गेला. म्हाताऱ्यानं खाली बघितलं, मग मूठभर माती उचलून बोटांतून सोडली. ती पिठासारखी खाली आली. हे असलं काम चांगुणाच्या हातून होईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मातीत पाय रुतला तर डाव कसला टाकणार? कडेला उभ्या जुन्या पैलवानांत कुजबूज सुरू झाली.

"ही माती कुणी केली?" अमृतरावांनी विचारलं.

चांगुणा पुढं झाली. खोटं बोलायचा तिचा विचार नव्हता. "मी केली, मामा."

"काहून अशी?"

"तुमी पडणार म्हणून. तुमाला लागू नये म्हणून."

सुनेनं सासऱ्याला, तेही वस्तादाला, साऱ्या वस्तीसमोर तुम्ही पडणार असं सांगावं, हे कुणी ऐकलं नव्हतं. जनकाबाईंनी तोंडाला पदर लावला. आता म्हातारा फावडं फेकून मारतो की काय, असं चांगुणाला वाटलं.

अमृतराव हसले. आधी गालात, मग पोट धरून. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"तीन साल झाले," ते म्हणाले, "घरात एक माणूस न्हाई ज्याला वाटून राहिलं की मी पडू शकतो. सगळ्यांनी मिळून मला जिंकवून ठेवलंय. आज पयल्यांदा कुणी तरी माझ्यासाठी जागा केली." मग ते मुलाकडं वळले. हसू गेलं होतं. "तुला कुणी बांधून ठेवलंय, नरसिंगा?"

नरसिंगची मान खाली. उत्तर दिलं ते पोत्यावरून जनकाबाईंनी. आण आपण घातली असं त्यांनी उभं राहून सांगितलं, आणि सासऱ्याचं काय झालं ते विसरलात का, असं नवऱ्याला साऱ्यांदेखत विचारलं. चाळीस वर्षांहून जास्त संसारात त्यांनी नवऱ्याला चारचौघांत असा प्रश्न कधी केला नव्हता.

अमृतराव हौद्यातून चालत त्यांच्यापाशी आले.

"बा चार महिन्यांत गेला, बराबर हाय," ते म्हणाले. "त्याला दमा दोन साल आधीचा. तुला ठाऊक न्हाई, त्यानं कुणाला कळू दिला न्हाई. तालीम कुणाच्या हाती द्यावी म्हणून तो झोपत नव्हता. मी पाडला त्या दिवशी दुपारी जेवून झोपला तो दुसऱ्या दिशी उठला. चार महिने माणूस सुखानं झोपला. मी पाडला नसता तर तसाच जागत मेला असता." मग ते हळूच म्हणाले, "जनके, मला बी झोप येत न्हाई."

जनकाबाईंना ते ठाऊक होतं. शेजारी निजणाऱ्या बाईला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? म्हातारा पहाटेपर्यंत कूस बदलतो ते त्या गुडघेदुखीवर ढकलत होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि मुलाकडं बघितलं.

"सुटली माही आण," त्या म्हणाल्या. "पाड बाबा. पर हळू पाड."

"हळू पाडला," अमृतराव म्हणाले, "तर जावईबापू, तुमी बैल जुंपा."

रामकिशननं बायकोकडं पाहिलं. पद्माबाई भावाकडं बघत होत्या. "नरसिंगा," त्या म्हणाल्या, "आबांचा डावा गुडघा आत वळते. ढाक तिथूनच लागंल. तीन साल झाले, बघून राहिले मी." दारातून डाव सांगणारी ती जुनी पोर इतक्या वर्षांनी बोलली होती, आणि या वेळी बाप तिला रागावला नाही.

नरसिंग उतरला. बापाच्या पायाला हात लावून त्यानं सलामी दिली. रुतत्या मातीत दोघांना पाय उचलणं जड जात होतं, त्यामुळं चपळाई कुणालाच नव्हती, राहिली ती नुसती ताकद आणि अक्कल. म्हातारा खरंच लढला. त्यानं मानेवर असा हात टाकला की नरसिंगचा तोल गेला आणि तो गुडघ्यावर आला. चांगुणानं डोळे मिटले. उघडले तेव्हा नरसिंग उठला होता आणि त्याचा हात बापाच्या हातात गुंतला होता. तो हात लटलटत नव्हता. लोखंडासारखा घट्ट होता. ते नरसिंगला कळलं, हे चांगुणाला त्याच्या तोंडावरून कळलं.

मग त्यानं पाय आत घातला, कंबर फिरवली आणि बापाला अंगावरून उलटा घेतला.

धप्प असा आवाज झाला. अमृतराव पाठीवर पडले, चारी बाजूंनी हळदीची धूळ उडाली. दोन्ही खांदे मातीला लागले होते. कुणी टाळी वाजवली नाही. नरसिंग तिथंच गुडघे टेकून बसला. म्हातारा उठत नव्हता. चांगुणा पळत हौद्यात उतरली. तिच्या मागं पद्माबाई, त्यांच्या मागं जनकाबाई, आणि तिघी त्यांच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या.

अमृतरावांचे डोळे उघडे होते. ते सरळ वर बघत होते. सुनेला त्यांनी हातानं जरा बाजूला सरकायला सांगितलं, ती वरचं झाकत होती.

"बा शिकवायचा तवा इथं पडायचो," ते सावकाश म्हणाले. "तवा वर गवत व्हतं. हे छपराचे पत्रे मागून मीच घातले. खालून आज पाह्यले." त्यांनी बोट वर केलं. "तीन जागी उजेड येऊन राहिला. पावसाळ्याच्या आधी बदलून घ्या, वस्ताद."

मुलाला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं. नरसिंगनं मागं वळून बघितलं, की आबा कुणाशी बोलतायत. मागं कुणीच नव्हतं.